शनीचा एक फेरा

शनी एका राशीत अडीच वर्षं मुक्काम करतो, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. साडेसातीच्या धास्तीनं ते आपोआप पाठ होतं. पण अडीच गुणिले बारा, म्हणजे तीस वर्षं, हा हिशेब दुर्बिणीपूर्वीच्या खगोलशास्त्राला अगदी वेगळ्या कारणानं छळत होता. ग्रहाची गती नेमकी ठरवायची तर त्याचा निदान एक पूर्ण फेरा डोळ्यांखालून गेला पाहिजे. चंद्र महिन्याभरात फेरा पुरा करतो, सूर्य वर्षात, मंगळ दोनेक वर्षांत, गुरू बारा वर्षांत. शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. वेधशाळा बांधायला निघालेल्या राजाला गवंडी, तांबट, गणिती सगळे मिळत. पण तीस वर्षांची सलग कारकीर्द कुठल्याही खजिन्यातून विकत घेता येत नसे.

ही अडचण पहिल्यांदा उघडपणे बोलली गेली ती एका जगज्जेत्यासमोर. चंगीझखानाचा नातू हुलागू यानं १२५६ मध्ये अलमूतचा किल्ला घेतला, तेव्हा तिथला विद्वान नसिरुद्दीन तूसी त्याच्या पदरी आला. १२५८ मध्ये हुलागूनं बगदाद बेचिराख केलं आणि पुढच्याच वर्षी इराणच्या वायव्येला मराघा इथे वेधशाळेचं काम सुरू झालं. तूसीनं आपल्या सारणीग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे, की सगळ्या ग्रहांचे वेध पुरे व्हायला तीस वर्षं तरी लागतात. खानाचं म्हणणं होतं, बारा वर्षांत उरका. बारा वर्षांत गुरूचा फेरा होतो, शनीचा अर्धाही नाही. खानाला घाई होती आणि ती रास्तही ठरली, कारण १२६५ मध्ये तो वारला. तूसीनं जुन्या सारण्यांचा आधार घेत १२७२ च्या सुमारास ग्रंथ पुरा केला आणि १२७४ मध्ये तोही गेला.

शनीच्या एका फेऱ्याइतका काळ लाभलेली वेधशाळा पुढे दीडशे वर्षांनी समरकंदला उभी राहिली. ती बांधणारा तैमूरलंगाचा नातू होता. नाव मिर्झा मुहम्मद तारागाय, पण लोक त्याला उलुगबेग म्हणत. त्याचा जन्म १३९४ साली आजोबांच्या मोहिमेत, सुलतानियाच्या छावणीत झाला. १४०५ मध्ये चीनकडे निघालेला तैमूर वाटेत वारला. वारसाहक्काची मारामारी संपल्यावर उलुगबेगचा बाप शाहरुख हेरातला गादीवर बसला आणि १४०९ मध्ये त्यानं पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती समरकंद सोपवलं. मुलाला तलवारीपेक्षा गणिताची गोडी होती. समरकंदच्या रेगिस्तान चौकात त्यानं १४१७ ते १४२० या काळात मदरसा बांधला, तिथे गणित आणि ज्योतिष शिकवायला माणसं जमवली, आणि त्याच सुमारास शहराबाहेर कुहक टेकडीवर वेधशाळेचा पाया घालायला सुरुवात केली.

दुर्बीण नव्हती तेव्हा अचूकता वाढवायचा एक सरळ उपाय होता, यंत्र मोठं करणं. वीतभर व्यासाच्या पितळी यंत्रावर एक अंश जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांत मावतो. त्या अंशाच्या साठ कला पाडायच्या म्हटलं तर कोरणारा हात आणि वाचणारा डोळा दोन्ही थकतात. त्रिज्या वाढवली की अंश लांबतो आणि कलेला जागा मिळते. म्हणून आजच्या तेहरानजवळच्या रय्य इथे अल्-खुजंदीनं ९९४ साली सुमारे वीस मीटर त्रिज्येचा कंस बांधला होता. वर्तुळाचा सहावा हिस्सा, म्हणजे साठ अंश, एवढाच तो होता. आश्रयदाता अमीर फख्रुद्दौला याच्या नावावरून त्याला फख्री षष्ठांश म्हणत. त्यावर खुजंदीनं सूर्याच्या वार्षिक मार्गाचा तिरपेपणा मोजला, पण उत्तर कलाभराहून जास्त चुकलं. अल्-बिरूनीनं त्याचं कारण नोंदवलं आहे: ज्या छिद्रातून उजेड आत येई ते बांधकामासकट सुमारे वीतभर खचलं होतं. भव्य यंत्राचा हा दुसरा धडा. आकार वाढला की वजन वाढतं, आणि वजनाखाली जमीन दबते.

समरकंदच्या बांधकामात हा धडा लक्षात ठेवलेला दिसतो. षष्ठांश खुजंदीचाच, पण त्रिज्या दुप्पट, सुमारे चाळीस मीटर. कंसाचा खालचा भाग इमारतीवर तोलून न धरता टेकडीचा खडक अकरा मीटर खोल खोदून त्यात बसवला. वरचा भाग तीन मजली गोलाकार इमारतीच्या आधारानं चढत गेला. इमारतीचा व्यास सेहेचाळीस मीटरांच्या आसपास होता. दोन समांतर संगमरवरी पट्ट्या, मधून पायऱ्या, आणि पट्ट्यांवर अंशांच्या खुणा. इथे एक अंश सत्तर सेंटिमीटरांचा झाला आणि एक कला साडेअकरा मिलिमीटरांची.

वेध घ्यायची रीत अशी. कंस अचूक दक्षिणोत्तर बांधलेला. त्याच्या केंद्राशी, दक्षिणेकडे उंचावर एक छिद्र. आत अंधार. सूर्य माथ्यावर आला की छिद्रातून त्याचा किरण आत येई आणि चाळीस मीटरांवर संगमरवरावर सूर्याचं गोल बिंब उमटे. एवढ्या अंतरावर ते बिंब सुमारे सव्वा फूट रुंद होतं. सूर्याला याम्योत्तर वृत्त ओलांडायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसानं बिंबाची वरची आणि खालची कड खुणेवर धरायची आणि मध्य काढायचा. उन्हाळ्यात सूर्य उंच असतो तेव्हा बिंब खाली खंदकात पडे, हिवाळ्यात वरच्या टोकाकडे सरके. वर्षभर दुपारी हेच काम चाले. त्यातून वर्षाची लांबी आणि सूर्यमार्गाचा तिरपेपणा निघे. तारकांसाठी आणि रात्रीच्या इतर वेधांसाठी वेगळी, लहान यंत्रं होती.

या कामाचा आत्मा होता ग्यासुद्दीन जमशीद अल्-काशी. इराणातल्या काशान गावचा हा गणिती. त्यानं समरकंदहून वडिलांना लिहिलेली पत्रं उरली आहेत आणि त्यांत वेधशाळेइतकाच तिथला दरबार दिसतो. सुलतान घोड्यावर स्वार असताना एका जुन्या तारखेला सूर्य कुठे होता याचा हिशेब त्यानं कागदाला हात न लावता तोंडी केला, आणि तोही कलांपर्यंत, असं काशी कौतुकानं लिहितो. पण त्याहून मोलाची एक गोष्ट त्यानं सांगितली आहे. चर्चेत कुणी केवळ अदबीपोटी होकार दिलेला सुलतानाला खपत नसे. मला अडाणी ठरवता काय, असं तो विचारी. कधी तो मुद्दाम चुकीचा मुद्दा मांडी, कुणी हुजुरेगिरीनं मान डोलावली की तोच विषय पुन्हा काढून त्याला सगळ्यांसमोर खजील करी. तैमूरच्या घराण्यातल्या राजाला चूक दाखवता येते, एवढी मोकळीक त्या काळी कुठल्याच राजधानीत सहजी मिळणारी नव्हती. खडकातल्या कंसाइतकीच ती अचूकतेला आवश्यक होती, कारण बिंबाची कड नेमकी कुठे पडली यावर शेवटी दोन माणसांचं दुमत होणारच.

काशी जितका वेधशाळेचा माणूस तितकाच आकड्यांचा. १४२४ मध्ये त्यानं वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचं गुणोत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत बरोबर काढलं. एका अंशाची ज्या (साइन) काढण्याची नवी रीत त्यानं शोधली. समरकंदच्या सारण्यांमध्ये दर कलेला एक अशा ज्या दिल्या आहेत, तो सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा होता. ग्रहाचा वेध कितीही बारीक घेतला तरी गणितात कोष्टक भोंगळ असेल तर मेहनत वाया जाते. काशी १४२९ मध्ये वारला. वेधशाळेचं काम काझीजादा रूमीकडे गेलं. अनातोलियातल्या बुर्साहून आलेला हा वयस्कर गणितीही काम पुरं होण्याआधी गेला. उरलेलं काम उलुगबेगनं अली कुशजी या तरुण शिष्याला हाताशी धरून शेवटास नेलं. सुलतानानं आपल्या प्रस्तावनेत या तिघांचं ऋण नावानिशी मान्य केलं आहे.

ग्रंथ सिद्ध झाला तो १४३७ च्या सुमारास. त्यात १०१८ तारकांची यादी आहे. समरकंदहून न दिसणाऱ्या दक्षिणेकडच्या काही तारका अस्-सूफीच्या जुन्या ग्रंथातून घेतल्या. बाकीच्यांचे वेध नव्यानं घेतले. टॉलेमीनंतर तेराशे वर्षांत बहुतेकांनी त्याचीच यादी थोडी सरकवून पुढे चालवली होती. पुन्हा सगळं आकाश मोजून काढण्याचं काम इथे झालं. सूर्यमार्गाचा तिरपेपणा २३ अंश ३० कला १७ विकला निघाला. त्या काळच्या खऱ्या मापापेक्षा तो साधारण अर्धी कला कमी, म्हणजे संगमरवरावर मोजला तर सहा मिलिमीटरांचाही फरक नाही. ऋतुवर्षाची लांबी ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटं, १५ सेकंद. यातली चूक अर्ध्या मिनिटाहून कमी. शनीची वर्षाची गती १२ अंश १३ कला ३९ विकला. आजच्या मापाशी फरक काही विकलांचा. तारकांची स्थानं मात्र सूर्याइतकी नेमकी उतरली नाहीत, कारण ती मोठ्या कंसावरून घेतलेली नव्हती.

राज्य करण्यात उलुगबेगला असं यश आलं नाही. १४२७ मध्ये उझबेकांचा खान बराक यानं त्याचा सपाटून पराभव केला. बाप इतका संतापला की मुलाचं पद काढून घ्यायच्या गोष्टी झाल्या. तरीही शाहरुख जिवंत होता तोवर समरकंदवर छत्र होतं. वेधशाळेला मिळालेली शांतता खरं तर हेरातच्या म्हाताऱ्यानं दिलेली होती. १४४७ मध्ये शाहरुख वारला आणि छत्र उडालं. उलुगबेगचा थोरला मुलगा अब्दुल लतीफ हेरातला आजीजवळ वाढलेला. बापाचा ओढा धाकट्या अब्दुल अजीजकडे आहे हा सल त्याच्या मनात होता. १४४९ च्या शरदात बापलेकांच्या फौजा समरकंदजवळ भिडल्या आणि बाप हरला. त्यानं शरणागती पत्करून हजला जायची परवानगी मागितली. ती मिळालीही. शहराबाहेर थोड्या अंतरावर, २७ ऑक्टोबर १४४९ रोजी, अब्बास नावाच्या माणसानं त्याचं डोकं उडवलं. अब्बासच्या बापाला पूर्वी उलुगबेगच्या हुकमानं मृत्युदंड झाला होता, त्यामुळे सूडाचं निमित्त तयार होतं. पितृघाती मुलगाही सहा महिन्यांत मारला गेला. १९४१ मध्ये मिखाईल गेरासिमोव्ह यांच्यासह सोव्हिएत संशोधकांनी तैमूरच्या घुमटाखालची उलुगबेगची कबर उघडली, तेव्हा सांगाड्याचं शिर धडावेगळं आढळलं.

पायाभरणी १४२० च्या सुमाराची, खून १४४९ चा. मधला काळ एकोणतीस वर्षांच्या आसपास भरतो. तूसीनं मागितलेली मुदत समरकंदला जेमतेम मिळाली आणि मुदत संपताच सावकार दारात उभा राहावा तसं झालं. इमारत मात्र त्याच दिवशी पाडली, ही अनेक ठिकाणी वाचायला मिळणारी गोष्ट टिकत नाही. बाबरानं १४९७ मध्ये समरकंद घेतलं, आणि आपल्या आठवणींत त्यानं कुहक टेकडीच्या पायथ्याच्या तीन मजली वेधशाळेचा उल्लेख केला आहे. पुढे विटा लोकांनी नेल्या, खंदक बुजला, जागा विसरली गेली. रशियन पुरातत्त्वज्ञ वासिली व्यात्किन यांना वक्फच्या एका जुन्या कागदात जमिनीच्या सीमा सापडल्या आणि १९०८ मध्ये त्यांनी कंसाचा खडकातला भाग उकरून काढला. आज पाहायला मिळतो तो तेवढाच.

ग्रंथ मात्र फिरत राहिला. अली कुशजी तब्रिझमार्गे इस्तंबूलला पोचला, तिथे शिकवलं आणि १४७४ मध्ये वारला. त्याच शहरात तकियुद्दीननं १५७७ मध्ये वेधशाळा उघडली. सुलतान मुराद तिसरा याच्या हुकमानं ती १५८० च्या जानेवारीत पाडली गेली. शनीच्या फेऱ्याचा दहावा हिस्साही तिला मिळाला नाही. त्याच दशकात डेन्मार्कच्या व्हेन बेटावर टायको ब्राहेनं १५७६ मध्ये उरानिबोर्ग उभारायला घेतलं. टायकोची यंत्रं समरकंदच्या मानानं खेळण्यातली म्हणावी इतकी लहान, भिंतीवरचा पाद, म्हणजे पाव वर्तुळाचा कंस, दोन मीटर त्रिज्येचासुद्धा नव्हता. त्यानं आकारावर भिस्त न ठेवता खुणा तिरक्या रेघांनी विभागल्या, नेम धरायच्या फटी सुधारल्या आणि प्रत्येक यंत्राची चूक मोजून हिशेबात धरली. तारकांच्या बाबतीत तो समरकंदच्या पुढे गेला. त्यालाही नव्या राजानं एकवीस वर्षांत बेट सोडायला लावलं. मग १५९८ च्या आपल्या ग्रंथात त्यानं सल्ला लिहिला, की यंत्रं सुटी करून सोबत नेता येतील अशी बनवावीत, कारण राजांच्या मर्जीचा भरवसा नाही. टायकोनं स्वतः ती नेलीही. खडकात कोरलेला कंस कुणाला उचलून नेता आला नसता.

हिंदुस्थानात समरकंदच्या सारण्या मोगलांबरोबर आल्या. शाहजहानच्या काळात मुल्ला फरीदनं त्यांच्या आधारे नवा सारणीग्रंथ केला आणि नित्यानंद पंडितांनी तो ‘सिद्धांतसिंधु’ या नावानं संस्कृतात आणला. पण या देशात वेध घेण्याची आच त्याहून जुनी होती, आणि तिला राजाची गरज पडतच होती असं नाही. बाबर समरकंदची वेधशाळा पाहत होता त्याच सुमारास कोकणात, जंजिऱ्याजवळच्या नांदगावात केशव दैवज्ञ जुन्या ग्रंथांतलं गणित आकाशाशी ताडून पाहत होते. त्यांचं ‘ग्रहकौतुक’ शके १४१८ चं, म्हणजे १४९६ चं. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये लिहिलेल्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्राची पंचांगं कित्येक पिढ्या चालली. समरकंदनं ज्या कलेकलेला मोजली. गणेश दैवज्ञांनी ज्येचं गणितच टाळून सोप्या आकडेमोडीत ग्रह बसवले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त केशव दैवज्ञांच्या वेधांची आवर्जून दखल घेतली आहे.

उलुगबेगचा थेट वारसा सांगितला तो जयपूरच्या सवाई जयसिंगानं. मराठी मुलखातून आलेले जगन्नाथ पंडित त्याच्या पदरी होते. सम्राट ही त्यांची पदवी. अरबी शिकून त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ १७३२ मध्ये ‘सिद्धांतसम्राट’ म्हणून संस्कृतात उतरवला, आणि त्यासाठी हाती घेतलेली प्रत होती मराघाच्या तूसीनं संस्कारित केलेली. पितळी यंत्रं झिजतात, त्यांचे आस हलतात, केंद्र सरकतं, म्हणून दगडचुन्याची यंत्रं बांधली, असं जयसिंगाच्या सारणीग्रंथाच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, वाराणसी अशा पाच ठिकाणी त्या वेधशाळा उभ्या राहिल्या. जयपूरच्या सत्तावीस मीटर उंच सम्राट यंत्राच्या पोटात अंधाऱ्या खोल्या आहेत. छिद्रातून सूर्याचं बिंब तिथल्या साठ अंशांच्या कंसांवर पडतं. हे षष्ठांश यंत्र म्हणजे खुजंदी आणि उलुगबेग यांच्या कंसाचं भावंड, फक्त त्रिज्या साडेआठ मीटरांच्या आसपास.

एवढी यंत्रं हाताशी असताना जयसिंगाच्या ग्रंथातली तारकांची यादी कुठून आली, हे पाहिलं की चक्रावायला होतं. ती समरकंदची आहे. प्रत्येक तारकेच्या भोगात, म्हणजे सूर्यमार्गावरच्या रेखांशात, ४ अंश ८ कला मिळवल्या आहेत, इतकंच. अयनचलनामुळे तीनशे वर्षांत सगळं तारामंडळ तेवढं सरकलं असणार, हा त्यामागचा हिशेब, आणि तो बरोबरही आहे. टॉलेमीच्या यादीचं मधल्या तेरा शतकांत जे झालं, तेच आता उलुगबेगच्या यादीचं झालं.

लंडनमध्ये एडमंड हॅलीनं १७१८ साली, म्हणजे दिल्लीची वेधशाळा उभी राहण्याच्या काही वर्षं आधी, जुन्या याद्या वेगळ्या हेतूनं उघडल्या. टॉलेमीच्या काळापासूनचं अयनचलन हिशेबात धरूनही व्याध, स्वाती आणि रोहिणी आपल्या जागी सापडेनात. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष असा, की तारका स्थिर नसतात, प्रत्येकीला स्वतःची गती असते. ही गती इतकी मंद, की तिच्यापुढे शनीची तीस वर्षं म्हणजे काहीच नाहीत. ती पकडायला शतकांच्या अंतरानं घेतलेले दोन वेध लागतात. सगळ्या तारकांना एकच आकडा मिळवणाऱ्याला ती कधीच सापडली नसती. उलुगबेगनं एकोणतीस वर्षांत केलेल्या कामाचा खरा सन्मान त्याच्यावर विसंबून राहण्यात नव्हता, तर तेच आकाश पुन्हा मोजून त्याच्या आकड्याशेजारी आपला आकडा मांडण्यात होता.